वाळवायला कोण थांबलं

उमरगा,
१९ जानेवारी

प्रिय अर्पिता,

पत्र बघून दचकशील. आजकाल पत्र कोण लिहितं, म्हणून पाकीट उलटसुलट करून बघशील. पण मला दुसरा इलाज उरला नाही. तुझ्या व्हिडिओखाली मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्या तासाभरात गायब झाल्या. दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. तिसऱ्यांदा तर तो लागलाच नाही. पत्राचं तसं नसतं. ते नको असेल तर हातानं फाडावं तरी लागतं.

मी बरी आहे. इथल्या दवाखान्यात पट्ट्या बांधते, इंजेक्शनं देते. हायवेवरचे ट्रकवाले कळवळले तरी मला आता काही वाटत नाही, इतकी निबर झालेय. आई माझ्याकडेच असते. तामलवाडीचं घर बंद आहे. तिचे गुडघे गेले, पण डोळे शाबूत आहेत, आणि खरी अडचण तीच झाली. कारण तुझा व्हिडिओ तिला मीच दाखवला. आपली अर्पिता पुण्यात एवढी मोठी झाली, लाखो लोक तिला बघतात, ही फुशारकी माझीच.

तू छान दिसत होतीस. ‘प्रदर्शनासाठी कोंबडी कशी धुवावी.’ तीन घमेली ओळीनं मांडलेली. पहिल्यात कोमट पाणी आणि रिठ्याचा फेस, दुसऱ्यात नुसतं पाणी, तिसऱ्यात पिसांना चमक यावी म्हणून लिंबाचे चार थेंब. डोकं पाण्यात जाऊ द्यायचं नाही, पिसं वरून खाली अशीच चोळायची, पायांची खवलं जुन्या टूथब्रशनं घासायची, तुऱ्याला खोबरेल तेलाचं बोट लावायचं. शब्द न शब्द आईचा. कोमट पाण्यात कोंबडी डुलक्या घ्यायला लागली की ‘निजली गं माजी बाय’ असं आई म्हणायची, तेसुद्धा तू म्हणालीस, फक्त शुद्ध करून. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मग तू कॅमेऱ्याकडे बघून म्हणालीस, ही आमच्या धुरपदा आजीची पद्धत.

कुठली आजी, अर्पिता? कोंबडी ओसरीच्या पायरीवर चढली तरी अख्खी ओसरी धुऊन काढणारी? तू आमच्याकडून घरी गेलीस की न्हाणीत डोक्यावरून पाणी ओतून घेतल्याशिवाय ती तुला आत घेत नव्हती. कोंबड्यांना हात लावून आलीस म्हणून, असं सांगायची. ते कारण मला लहानपणीसुद्धा पुरतं पटलं नव्हतं. प्रदर्शनाची हौस तुझ्या वडिलांना. रणधीरकाकांनी शेतातल्या गोठ्यामागं पक्षी पाळले, पण त्यांचं दाणा-पाणी, दुखणं-खुपणं सगळं आईनं बघितलं. तुळजापूरच्या प्रदर्शनात त्यांचा पांढरा कोंबडा पहिला आला, त्याच्या तीन दिवस आधी आईनं त्याला धुतला होता. आदल्या दिवशी धुवायचा नसतो, पिसांना आपलं अंगचं तेल परत यायला वेळ लागतो, हेसुद्धा तिचंच. तू तेही सांगितलंस.

आणि तो फोटो. काका हसतायत, गळ्यात हार, पुढं टेबलावर कोंबडा. त्या दिवशी तो आईच्या हाताशिवाय स्थिर राहीना, म्हणून फोटोवाल्यानं तिला टेबलामागं खाली बसवलं होतं. मी तिथंच उभी होते. फोटोत तिचे फक्त दोन हात आलेत, कोंबड्याच्या दोन्ही बाजूंनी. व्हिडिओत तू त्या हातांवर बोट ठेवून म्हणालीस, हे माझ्या आजीचे हात. अगं, तुझी आजी तेव्हा विधवा होऊन पंधरा वर्षं झाली होती. हिरव्या बांगड्या कुणाच्या आहेत, एवढं तरी बघायचंस! खोटं बोलतानाही तुला आमच्याकडे नीट बघावंसं वाटलं नाही, याचा मला जास्त राग आला.

आईनं मात्र व्हिडिओ परत लावायला सांगितला, शेवटचा भाग. तू हेअर ड्रायर लावलास, दोन मिनिटांत पिसं फुलली, तू कोंबडी पिंजऱ्यात ठेवलीस आणि हात जोडलेस. आईनं विचारलं, “झालं? येवढंच?” मी म्हटलं, झालं. “आगं, पंखाखाली हात घालून बघितलं न्हाय तिनं.” मग खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाच म्हणाली. बहुतेक सगळे तुझं कौतुक करणारे. पण मधूनच एकानं लिहिलं होतं, ताई, तुम्ही सांगितलं तसं धुतलं, दुसऱ्या दिवशी दोन कोंबड्या मेल्या. तू त्याला बदाम पाठवलास आणि लिहिलंस, काळजी घ्या. असे सात जण मोजले मी. त्यानंतरच मी त्या चार ओळी लिहिल्या होत्या, कोंबड्या मरतायत, एकदा आईला विचार म्हणून. बांगड्यांचा त्यात उल्लेखही नव्हता.

मागच्या रविवारी तू इथं उमरग्याच्या प्रदर्शनात पाहुणी म्हणून आलीस, तेव्हा आम्ही दोघी तिसऱ्या रांगेत होतो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तू आम्हाला बघितलंस. माईकवरून म्हणालीस, आमच्या गावच्या सिताबाई आल्यात, आमच्याकडे कामाला होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आईनं उठून सगळ्यांना नमस्कार केला. मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं. तू स्टेजवर एक पांढरी कोंबडी धुतलीस, ड्रायर फिरवलास आणि पिंजरा मंडपाच्या दाराशी, वाऱ्यात ठेवायला लावलास. कार्यक्रम संपल्यावर आई गुडघे धरत तिथं गेली. पिंजऱ्याचं दार उघडून तिनं कोंबडीच्या पंखाखाली हात घातला. आत सगळं गच्च ओलं होतं. तिनं ती काढून पदरात गुंडाळली आणि तिथंच खाली बसली. तर तुझ्याबरोबरचा तो बिल्लेवाला धावत आला. “ओ मावशी, हात लावायचा न्हाय! पाहुण्यांची हाय ती.” त्यानं तिच्या मांडीवरून कोंबडी उचलून परत पिंजऱ्यात टाकली. तू दहा पावलांवर फोटो काढून घेत होतीस. ऐकलं नाहीस असं म्हणू नकोस. तू मान वळवलेली मी बघितली. पुढं त्या कोंबडीचं काय झालं ते तुला माहीत असेल, मला विचारायचं नाही.

घरी आल्यावर मी खूप बोलले, तुझ्या सात पिढ्या काढल्या. आई शांतपणे म्हणाली, “तिची काय चूक? ती वाळवायला कुटं थांबायची?” आणि मला एकदम सगळं आठवलं. खरंच की. धुवायला तू नेहमी पुढं असायचीस, फेस, पाणी, हसणं. आणि मग आजीची हाक यायची, तू पळायचीस. नंतर आई कोंबडीला जुनेऱ्यात गुंडाळून, वाऱ्याला पाठ करून उन्हात बसायची, ऊन सरकेल तशी सरकत. तासन् तास. भूक लागली तरी उठायची नाही, मीच तिला भाकरी भरवायची. तो भाग कंटाळवाणा होता, त्यामुळं तो तुला कुणी दाखवला नाही आणि तू कधी विचारला नाहीस. म्हणजे आईचं एवढंच तुझ्याकडून न्यायचं राहिलं होतं. ते तरी तिच्याकडेच राहू दे, असं मला मनापासून वाटत होतं.

आठ दिवस ती माझ्यामागं लागलीय, लिही म्हणून. मी टाळलं, भांडले, एकदा तर लिहिलं असं खोटंही सांगितलं. आज तिनं समोर बसवून लिहायला लावलं, तर ऐक. धुणं सकाळी दहाच्या आत उरकायचं, म्हणजे पुढं ऊन मिळतं. वरची पिसं वाळली म्हणजे कोंबडी वाळली असं नाही. पंखाखाली आणि पोटाशी बारीक लव असते, ती ओली राहिली की गारठा धरतो आणि कोंबडी दुसऱ्या दिवशी मान टाकते. हाताचा पालथा पंजा आत घालून बघायचा. ओल लागली तर मांडीवरून सोडायची नाही, कितीही वेळ लागो. “आई, तिला तुझं नाव सांगायला लावू का?” असं मी शेवटचं विचारलं. ती म्हणाली, “नावाचं ऱ्हाऊ दे. ह्येबी आजीनंच सांगितलं म्हणावं. पर सांग म्हणावं, लवकर सांग.”

तुझीच,
(सवयीनं लिहिलं, खोडत नाही)
समृद्धी