जोशीसरांच्या दोन ओळी

मंगळवार, १४ जून. संध्याकाळ.

उद्या अकराला जोशीसर माझी जुन्या फाइल्स पुसणारी कॉम्प्युटर-स्क्रिप्ट स्वतःची म्हणून सगळ्या ऑफिसला चालवून दाखवणार. वरचं माझं नाव पुसलं ते पुसलं, शिवाय माझी एक ओळ तोडून दोन केल्या. म्हणाले, "मॅडम, आपण फार लांबण लावता. वाचायला सोपं हवं."

सोपं! 'जुन्या फोल्डरमध्ये जा' आणि 'तिथलं सगळं पुसून टाक' हे हुकूम मी मुद्दाम एकत्र बांधले होते. आमच्या स्क्रिप्टमधली प्रत्येक ओळ नवा शेल, म्हणजे हुकूम पाळणारा नवा प्रोग्राम, उघडते. 'जा' हा शेलच्या पोटातलाच हुकूम. तो शेल संपला की जाणंही संपलं. दुसरी ओळ पुन्हा जिथून निघालो तिथेच, म्हणजे सरांच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये चालणार. वर्षभराचं काम आहे त्यांचं तिथे. तोडल्यावर एकदा चालवूनही पाहिलं नाही त्यांनी.

मला त्या दोन ओळी दिसल्या आणि मी गप्प बसले. इतकी दुष्ट कधी झाले मी?

निघताना मात्र त्यांच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. पर्समध्ये आहे. देईन ना. स्क्रिप्ट कोणाची, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की लगेच देईन.