तिसरं व्हायोलिन

७ मार्च
ठरलं! व्हायोलिन घ्यायचंच. पन्नाशी उलटल्यावर कसले हे चोचले, म्हणेनात का कोणी. क्लासचे सर म्हणाले, "नवशिक्याला स्वतः वाजवून काही कळत नाही. जाणत्याला वाजवायला लावा, तुम्ही पाठ फिरवून लांब उभ्या राहा. नाहीतर पॉलिशला भुलाल." चष्म्याच्या दुकानात जन्म गेला माझा – लोक फ्रेमला कसे भुलतात, ते मला सांगता?

जाणती एकच. ताई. पण भावजी गेल्यापासून तिनं गज हातात धरलेला नाही. स्वतःचं व्हायोलिनही देऊन टाकलं. शनिवारी राहायला येतेय. विचारू?

१० मार्च
विचारलं. "नसती भुणभुण लावू नकोस." संपलं!

११ मार्च
आली दुकानात! "फक्त सूर काढून बघेन हं."

दुकानदारानं तीन काढून ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी भिंतीकडे तोंड करून उभी, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. पहिलं – किरकिरं. दुसरं – बरं. तिसऱ्याला मात्र ताई वाजवतच सुटली. लग्नाआधी आमच्या खोलीत खिडकीशी बसून वाजवायची, अगदी तसं. मला रडू आवरेना. मागे न बघताच ओरडले, "तिसरं!"

१३ मार्च
तिसरं घरी नुसतं केकाटतं. म्हटलं, माझाच हात कच्चा. ताईला दिलं. तिनं दोन सूर काढले नि खाली ठेवलं. आवाज पत्र्याचा!

जेवताना म्हणाली, "रागावणार नाहीस ना? तिसरं मी उचललंच नव्हतं गं. दुसरंच परत वाजवत होते. सोडवेना."

"मग तेव्हाच बोलायचंस की, बये!"

"बोलले असते, तर अजून हवंसं वाटतं हे कबूल करावं लागलं असतं."

दुसरं बदलून आणायचं. ते या घरात असलं की ताई येईल, अधूनमधून तरी येईल. मला शिकायचंबिकायचं काही नाही – मला तिचं वाजवणं ऐकायचंय. इतकी साधी गोष्ट आज कळली मला.

१४ मार्च
मी कामावर असताना ताई तिच्या घरी परत गेली. घर सुनं सुनं.

१५ मार्च
तिसरं घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "दुसरं? ते तुमच्या ताईंनीच नेलं की काल, स्टेशनला जाता जाता."

फोन लावला – उचलेना. वाजवत असणार! ऊर भरून आला. आणि तिच्या शेजाऱ्यांचा असा काही हेवा वाटला!