पाटीवरचं ‘नाही’

बेकर्सफील्ड
३ ऑक्टोबर १९९४

चि. वेलन यास,
आत्याचे आशीर्वाद, पत्र पोचेपर्यंत तू जिथे भटकत असशील तिथे.

वाळवंटात पायी हिंडायला निघालायस असं कळलं. नोकरी सोडलीस का, ते विचारत नाही, सोडलीच असशील. जातोच आहेस तर जुन्या हमरस्त्याने जा आणि आपलं मोटेल बघून ये. माझा डुएन म्हणतो, ते पडलं, जागा विकून टाकू, पाटी न्यायला शहरातलं संग्रहालय तयार आहे. त्याने बघितलं गाडीतून, काचही खाली न करता! मला हा हिवाळा माझ्या घरी काढायचाय. ऑफिसमागची माझी खोली राहण्याजोगी आहे का, एवढंच सांग. सून गुणी आहे, पण इथे खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते रे.

खरं लिही. तुझ्यावर भिस्त ठेवतेय, याचं माझं मलाच हसू येतं. टोपी घाल.

तुझी
ऑर्फाआत्या


नीडल्स
१९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
फुटलेल्या ओठांनी आणि वाळूभरल्या बुटांनी सा. नमस्कार.

टोपी घातली होती. वाऱ्याने नेली. तिच्यामागे धावताना वाट सोडली, म्हणून तर तो कॉफीच्या किटलीसारखा बांधलेला पेट्रोलपंप सापडला! काका म्हणायचे, बांधणाऱ्याला सकाळची कॉफी मिळाली नसणार. पत्रा अजून चमकतो. तोटीत घुबडाने संसार थाटलाय. मी डोकावलो तर बाई अशी बघायला लागली, जशी तू माझ्या बुटांकडे बघायचीस. पुढे तो सिमेंटचा डायनासोर, ज्याच्या पोटात सरबताचं दुकान होतं. शेपूट गेली, पण सावली तेवढीच पडते. तिथे बसून डब्यातल्या घेवड्याच्या बिया खाल्ल्या. रस्त्याच्या डांबरातून झुडपं वर आलीत, गाडी म्हणून एक नाही.

हां, मोटेल. पाटी ताठ उभी आहे. ‘खोली रिकामी’च्या दिव्याच्या काचेच्या नळ्या जळून काळ्या पडल्यात, खोल्या भरल्या की पेटवायचं ते शेजारचं ‘नाही’ मात्र कोरं करकरीत. तू ते कधी लावलंच नाहीस ना! सगळ्या खोल्या भरल्या तरी येईल त्याला व्हरांड्यात खाट टाकून द्यायचीस. काका कुरकुरत उशा शोधायचे आणि सुट्टीला आलेल्या माझीच उशी जायची.

बाकी हवा छान आहे.

लोभ ठेव, नवी टोपी पाठवू नकोस.
वेलन


बेकर्सफील्ड
२७ ऑक्टोबर

चि. वेलन यास,
आशीर्वाद.

किटलीवर पानभर लिहिलंस, डायनासोरवर अर्धं, आणि माझ्या खोलीवर एक अक्षर नाही. कळलं मला. लहानपणी बशी फोडलीस की असाच अंगणातल्या सरड्याची गोष्ट घेऊन यायचास. छप्पर गेलं ना?

डुएनला म्हटलं, विकून टाक. मला वाटलं सुटल्यासारखा हसेल, तर तोच रडायला लागला.

एक काम कर. संग्रहालयवाले पाटीत नवे दिवे घालतील आणि कुणीतरी हौसेने सगळी बटणं एकदम दाबेल, ‘नाही’ही पेटेल. ते मला नको. त्याआधी ‘नाही’ उतरव. पुढे त्याचं काय करायचं ते तू बघ. हात कापून घेऊ नकोस.

तुझी
आत्या


मोटेलवरून
६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
चुकल्याबद्दल कान धरून सा. नमस्कार.

छप्पर गेलंय. तुझ्या पलंगाच्या जागी झुडूप उगवलंय. पश्चिमेची भिंतही बसली, त्यामुळे तुझा डोंगर आता खिडकीपेक्षा जास्त दिसतो. पहिल्या खेपेला इथेच बसून होतो, पण लिहायला हात होईना.

मी शिडीवर असतानाच संग्रहालयाचा ट्रक आला. तरुण होता तो भडकला, म्हणे अर्धी पाटी घेऊन काय करू? म्हटलं, आत्या अशीच देणार. त्याच्याबरोबरच्या म्हाताऱ्याने विचारलं, मग सगळं भरल्यावर बाई काय करायच्या? खाटांचं सांगितलं. त्यावर त्याने पुढे होऊन शिडी धरली.

‘नाही’ व्हरांड्याखाली पुरलं. आता त्या पाटीला दुसरं काही बोलताच येणार नाही.

शनिवारपर्यंत तुझ्याकडे पोचतो. डुएनदादाकडे जागा आहे का, हे विचारत नाही. व्हरांड्यात खाट टाक. तुझ्या कपाटात एक उशी सापडली, ती घेऊन येतोय. या खेपेला ती तुला. आत वाळू गेलीय. झटकू नकोस.

तुझाच
वेलन