वन्संची सही

२ जुलै, सोमवार
आज आले : नव्या बँकेची कर्जाची फाइल, फुकट. घराच्या कागदांच्या झेरॉक्स, दोन प्रती, एकशे चाळीस. निळे पेन, दहा. साखर घरचीच, फाइलबरोबर देवापुढे ठेवली व नंतर डब्यात परत टाकली.

संकल्प : घराचं कर्ज जुन्या बँकेतून नव्या बँकेत न्यायचं. जुन्या बँकेने व्याज वाढवलं. हप्ता तेवढाच ठेवला, पण वर्षं वाढवली, आणि वर पत्रात अभिनंदन लिहिलं. ह्यांची निवृत्ती दोन वर्षांवर, कर्ज फिटणार अकरा वर्षांनी. मधली नऊ वर्षं हप्ता कोण भरणार, ते बँकेने लिहिलेलं नाही. नव्या बँकेचं व्याज कमी. तिथे गेलो तर निवृत्तीच्या पैशातून उरलेलं फिटतं. नाही गेलो तर घर विकावं लागेल.

हे म्हणाले, एकदा वकिलाला दाखवू. म्हटलं, मॅट्रिकला मला नागरिकशास्त्रात सत्तर होते. वकिलाची फी वाचली. तशी जमेच्या बाजूला नोंद केली.

५ जुलै, गुरुवार, दुपारी
नव्या बँकेत गेले. तिथली टायवाली बाई स्वभावाने चांगली. विचारलं, घर कोणाच्या नावावर? आमच्या. आमच्या म्हणजे कोणाकोणाच्या? म्हटलं, आमच्या म्हणजे आमच्या, आम्ही दोघंच तर राहतो. गोड हसली व कागद ठेवून घेतले. अर्जाची फी बावीसशे, परत मिळत नाही. परत हवी कोणाला? काम होणारच आहे.

बाकावर माझ्याच फाइलसारख्या फाइली घेऊन चारपाच माणसं बसली होती. सगळ्यांचे चेहरे पडलेले. कागद नीट ठेवत नाहीत, दुसरं काय.

९ जुलै, सोमवार
टायवालीचा फोन. खरेदीखतावर दोन नावं आहेत. पहिलं थोरल्या वन्संचं, म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहिणीचं. दुसरं ह्यांचं. माझं नाही. म्हटलं, नीट बघा, मागच्या पानावर असेल. म्हणाली, मागच्या पानावर शिक्के आहेत.

कसं झालं ते आठवतं. खरेदीच्या दिवशी लेखनिकाने नावं विचारली. हे म्हणाले, माझं आणि हिचं घाला. मी म्हटलं, इश्श, माझं कशाला, थोरल्या वन्सं समोर बसल्यात, त्यांचं घाला ना. असं म्हणायचं असतं. मग समोरच्याने नको नको म्हणायचं असतं, आपण आग्रह करायचा असतो, आणि शेवटी नाव आपलंच लागायचं असतं. वन्सं म्हणाल्या, बरं. लेखनिकाने लिहूनही टाकलं. कागद बदलायचा तर स्टॅम्पपेपर नवा लागला असता, म्हणून मी गप्प बसले.

काही बिघडत नाही. नाव म्हणजे नुसता मान. लग्नपत्रिकेवरही थोरल्यांचं नाव आधी असतं, म्हणून लग्न काय त्यांचं असतं? हप्ते सगळे आम्ही भरले. पावत्या वर्षवार दोऱ्याने बांधून ठेवल्यात. वन्संनी फुटकी कवडी घातलेली नाही. घर आमचंच.

१२ जुलै, गुरुवार
वकिलाकडे जाऊन आले. सल्ल्याला नव्हे, खात्री करायला.

पावत्यांचा गठ्ठा बघून वकील म्हणाले, वा, असं काम आमच्या ऑफिसातही होत नाही. पण बाई, घर ज्याच्या नावावर त्याचं. हप्ते कोणी भरले यावर कोर्टात भांडता येईल. दहाबारा वर्षं लागतील, तेव्हा ह्या पावत्या फार उपयोगी पडतील. नव्या बँकेला आजच वन्संची सही हवी. म्हटलं, त्यांचं नावच काढलं तर? तर त्यांनी हक्क सोडायचा, आणि हक्कसोडपत्रावर त्यांची सही. बरं, त्यांच्या वतीने ह्यांनी केली तर? तर मुखत्यारपत्र, त्यावर त्यांची सही. सहीशिवाय काहीच नाही? आहे ना, म्हणाले, देवाचं नाव घ्या. म्हटलं, ते पहाटेपासून चालू आहे.

उठता उठता म्हणाले, अर्ध्या घराच्या त्या मालकीणबाई, मनात आलं तर राहायलाही येऊ शकतात. आणि मी? तुम्ही मालकाच्या पत्नी.

पाचशे घेतले. प्रश्न बरेच विचारले होते, म्हणजे स्वस्तच पडलं.

हे सगळं वन्संना कळता कामा नये. संध्याकाळी दिव्यापुढे बसून हेच मागितलं.

१७ जुलै, मंगळवार
अडचण एवढीच, की वन्सं आमच्याशी चार वर्षं बोलत नाहीत. कारण काहीच नाही. तीन आठवडे राहून गेल्या. निघताना मी एक कागद हातात ठेवला : दूध, साबण, बाहेरगावचे फोन. मागितले नव्हते, नुसतं माहितीसाठी. आपला खर्च किती हे माणसाला कळलेलं बरं असतं. वन्संनी पैसे मोजून दारातल्या चपलांवर ठेवले आणि निघून गेल्या. चपलांवर! लक्ष्मीचा असा अपमान मी केला नसता. नमस्कार करून उचलले.

आज ह्यांना फोन करायला बसवलं. दोनदा पढवलं. घर म्हणू नका, मालकी म्हणू नका, नुसतं एक सही हवी म्हणा. ह्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, ताई, अगं अर्धं घर तुझंच आहे. देवमाणूस आहेत. देवमाणसाबरोबर संसार करून बघावा एकदा.

वन्सं म्हणाल्या, हो का? मला वाटलं, मी पाहुणी होते.

पुढे म्हणाल्या, जिला सही हवी तिने लेखी मागावी. तिला लेखी फार आवडतं.

मी लिहिणार नाही. मला माझा मान आहे.

२१ जुलै, शनिवार
लिहिलं. पण खंबीर लिहिलं. शेवटी 'अन्यथा पुढील कारवाई करणे भाग पडेल' हे वाक्य घातलं. ह्यांनी विचारलं, कुठली कारवाई? ते मलाही माहीत नाही, पण भारदस्त दिसतं. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. एकदा कायदा दाखवला की माणसं ताळ्यावर येतात.

टायवाली म्हणते, मंजुरी दहा ऑगस्टपर्यंतच. नंतर अर्ज नवा, फी नवी, व्याज त्या दिवशी असेल ते. माझ्याशी बोलताना आता हसत नाही.

२६ जुलै, गुरुवार
वन्संचं उत्तर आलं. कारवाईबद्दल अक्षर नाही. एक आखलेला कागद : अर्ध्या घराचं भाडं, खरेदीच्या महिन्यापासून आजपर्यंत, महिनावार. खाली लिहिलंय, मागत नाही, नुसतं माहितीसाठी. त्याखाली : सही करीन, पण माझ्या घरात बसून करीन.

बेरीज दोनदा तपासली. बरोबर आहे.

हे म्हणाले, बघ, ताई येते म्हणते, किती बरं झालं! मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

३० जुलै, सोमवार
आजचं पत्र. साधं पोस्ट. नक्कल ठेवते.

'ती. थोरल्या वन्संस शिरसाष्टांग नमस्कार. आपले पत्र पोचले. मागच्या पत्रातले कारवाईचे वाक्य चुकून पडले, मनावर घेऊ नये. आपण सही करायला घरी येणार हे वाचून दोघांना आनंद झाला. बँकेची मुदत दहा ऑगस्टची आहे. त्याआधी पायधूळ झाडलीत तर घर राहील, आणि घर राहिले तर आपल्यालाही हवे तितके राहता येईल. पुढची खोली आपल्यासाठी मोकळी केली आहे. आमची कपाटे मागच्या खोलीत नेली. तिथे आता एकच खाट मावते, ती ह्यांना दिली. मी स्वयंपाकघरात झोपते. तिथे ऊब असते, काही त्रास नाही. किती दिवस राहणार, हे मी विचारत नाही. आपला पलंग खिडकीशी लावू की भिंतीशी, तेवढे कृपा करून उलट टपाली कळवावे.'