तेलाच्या डब्याचं दुसरं भोक

आई,

आज एक गाडी बरी झाली, आणि ते कुणाला तरी नीट सांगावं असं वाटल्यावर तूच आठवलीस. बायकोला सांगितलं, ती खूश झाली, पण तिला त्यातलं अर्धंच कळलं. उरलेलं अर्धं तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. तू गेलीस तेव्हा मी पुण्याच्या कंपनीत नवा होतो, माझी जुनी मोटारसायकल तेवढी तू पाहिलीस. आता मी जर्मनीत आहे, स्टुटगार्टजवळ. ज्या कंपनीनं इथे आणलं तिनं मंदीत माणसं कमी केली, त्यात मीही होतो. मग एका लहान वर्कशॉपमध्ये लागलो. इथे फक्त वेगवान गाड्या येतात, दोन माणसांच्या, जमिनीला टेकलेल्या, मालकांनी जिवापेक्षा जपलेल्या. पण लागलो तो प्रोबेत्साइटवर, म्हणजे पारखायच्या मुदतीवर. ती या महिनाअखेरीस संपणार होती. ठेवलं नाही तर इथे राहायची परवानगीही जाणार, आणि मुलीची शाळा मध्येच सोडून परतायचं.  बायको तांदळाचं मोठं पोतं आणायची ती लहान पुडे आणायला लागली. त्या पुड्यांवरून मी उरलेले दिवस मोजायचो.

तुला वाटेल, एवढ्या भारी गाडीचं काय दुखतं? आई, लाडावलेल्या पोरासारखं तिचं असतं. सकाळी चालू केल्याबरोबर तिला पळवायची नाही, आतलं तेल गरम होऊ द्यायचं. थंड तव्यावर तू कधी भाकरी टाकली नाहीस, तसंच. टायर वरून नवे दिसले तरी रबर वयानं कडक होतं, कुकरच्या रिंगसारखं, म्हणून नक्षी किती उरली एवढंच बघून भागत नाही, टायर किती वर्षांचा आहे तेही बघायचं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात मीठ ओढतं तसं. वेळेवर बदललं नाही तर उतारावर ऐन वेळी पाय नुसता आत जातो. आणि बिघाड शोधताना एका वेळी एकच वस्तू बदलायची. चार बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशानं झाली ते कधीच कळत नाही. हे सगळं मला माझ्या माइस्टरनं शिकवलं. माइस्टर म्हणजे वर्कशॉपचा उस्ताद, साठीचा, हातानं जाड पण बोटांनी फार हळुवार. मी कामाला लागण्याआधी गाडीला हात लावून कपाळाला लावतो, ते बघून तो पहिल्या दिवशी म्हणाला होता, "काय रे, ताप आहे का तिला?" तेव्हापासून रोज विचारतो, "आज ताप किती?"

तर ही गाडी एका निवृत्त दंतवैद्याची. गावात छान चालायची. आउटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, जोरात पळवली की थोड्या वेळानं आचके द्यायची आणि बंद पडायची. बराच वेळ थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. आमच्याकडे येऊन गेली आणि पुन्हा तशीच परत आली. आधी फिल्टर बदलला, मग पेट्रोलचा पंप बदलला. कॉम्प्युटर लावला तर तो म्हणे सगळं ठीक. मालक सांगायचे, "पेट्रोल भरलं की सुधारते." म्हणून आम्ही पेट्रोलला दोष दिला. गाडी माझ्याकडे दिलेली होती. काल माइस्टर म्हणाला, "बरं तर, उद्या मी स्वतः चालवतो. तू शेजारी बस. यातही कळलं नाही, तर तुला ठेवणं मलाही अवघड आहे." तो रागानं बोलला नाही, म्हणून जास्त लागलं. सकाळी देवापुढे दिवा लावताना मी काहीच मागितलं नाही. नुसतं म्हटलं, कान उघडे ठेव माझे.

शनिवार असल्यानं रस्ता मोकळा होता. माइस्टरनं गाडी पळवली आणि ती अशी सुटली की पाठ खुर्चीला चिकटली. मग तो आचका आला. गुडुक. पुन्हा जोर. गुडुक, गुडुक. तो झटका माझ्या पाठीत बसला आणि, आई, मी एकदम आपल्या देवीच्या भंडाऱ्यात होतो. देवळामागे तीन दगडांची मोठी चूल, तिच्यावर कढई, आणि तू नवं लुगडं नेसून उभी. तू मला तेलाचा नवा डबा फोडायला सांगतेस. मी खिळा आणि बत्ता घेऊन एकच भोक पाडतो आणि डबा उचलून वाकडा करतो. तेल येत नाही, मग गुडुक करून भसकन येतं, थांबतं, पुन्हा भसकन येतं, आणि तुझ्या नव्या लुगड्यावर सांडतं. सगळ्या बायका हसतात. तू माझ्या पाठीत धपाटा घालतेस, "आरं, एकच भोक पाडलंस व्हय? त्याला दम घ्यायला जागा ठेव की, मुडद्या!"

गाडी बंद पडत होती. माइस्टरनं ती कशीबशी बाजूच्या पार्किंगमध्ये घरंगळत नेली आणि तो ओढगाडीला फोन करायला निघाला. मी म्हटलं, "थांबा. मला टाकीचं झाकण उघडू द्या."

"पेट्रोल आहे. काटा बघ ना."

"पेट्रोल बघायचं नाही. तुम्ही फक्त ऐका."

झाकण सैल केलं आणि आत हवा ओढली गेली, सुस्स करून, लांबलचक. माइस्टर फोन हातात धरून तसाच उभा. मी चावी फिरवली. एरवी बराच वेळ थांबावं लागायचं, आज पहिल्या फटक्यात इंजिन गरजलं. "पुन्हा," तो म्हणाला. झाकण घट्ट लावून पुन्हा धावलो, पुन्हा आचके, पुन्हा झाकण, पुन्हा सुस्स, पुन्हा चालू. तिसऱ्या वेळी त्यानं स्वतः उघडलं, आणि तो आवाज ऐकून लहान मुलासारखा हसला.

टाकीतलं पेट्रोल खाली जातं तशी आत हवा यावी म्हणून एक बारीक नळी असते, आई. तेच तुझं दुसरं भोक. गावात पेट्रोल हळू खर्च होतं, तेवढी हवा कुठून तरी झिरपायची. वेगात पुरायची नाही. आणि पेट्रोल भरताना झाकण उघडतं, म्हणून गाडी सुधारायची. या गाडीची टाकी पुढे असते, म्हणून वर्कशॉपमध्ये पुढचं चाक काढलं, तर नळीचं तोंड मेणानं बुजलेलं, लाखेसारखं कडक. दंतवैद्य हिवाळ्यात गाडी गॅरेजमध्ये ठेवण्याआधी गंज लागू नये म्हणून दरवर्षी स्वतः खालून मेण फवारतात. त्यांना बोलावून दाखवलं, तर बिचारे म्हणाले, "पण मी तर तिची इतकी काळजी घेतली!"

"गेनाऊ," माइस्टर म्हणाला. अगदी बरोबर. मग तेही हसले.

नळी साफ करून दंतवैद्यांनाच आउटोबानवर पाठवलं. परत आले तेव्हा खिडकीतूनच ओरडत होते. माइस्टरनं हात पुसले, जाता जाता गाडीला तळवा लावला आणि मला म्हणाला, "ताप उतरला. सोमवारी ये. त्याच्या पुढच्या सोमवारीही ये. आणि त्याच्याही पुढच्या. कागद करून ठेवतो." मी मान डोलावली. 

घरी आलो, सांगितलं. बायकोनं पायांत चपला घातल्या. "अहो, चला, जड आहे, माझ्याच्यानं उचलणार नाही." तांदळाचं मोठं पोतं आणलं, आणि तुर्की दुकानातून तेलाचा मोठा पत्र्याचा डबाही. मुलीनं विचारलं, जर्मनमध्येच, कुणी पाहुणे येणार आहेत का. मी म्हटलं, नाही, आपणच राहणार आहोत.

डबा आता ओट्यावर आहे. खिळ्यानं एका कोपऱ्यात भोक पाडलं, आणि मग समोरच्या कोपऱ्यात दुसरं. तेल सरळ, एका धारेत, आवाज न करता आलं. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते देव्हाऱ्यात तुझ्या फोटोमागे ठेवीन. माइस्टरनं विचारलं होतं, तुला कसं सुचलं. मी म्हटलं, अनुभव. तुला मात्र खरं सांगतो: शिकलेलं एक अक्षरही त्या वेळी आठवलं नाही. आचका बसला तेव्हा मी आधी पाठ आत घेतली होती, धपाटा चुकवायला.