शनिवारी माझा खून

४ ऑगस्ट १९८४, शनिवार
मिळालं काम! मंडळाच्या गणपतीत यंदा प्रतापभाऊंनी स्वतः लिहिलेलं रहस्यनाटक. मी श्रीमंत मावशी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी माझा खून. खुनी भाचा कोण? आमचा हेमचंद्र — माझा सख्खा नवरा! प्रतापभाऊंची बायको दीपा म्हणते, "सोळा वर्षांच्या संसारानंतर असा चान्स कुठल्या नवऱ्याला मिळतो यार!" हेमचंद्र जरा जास्तच खुशीत दिसला.

११ ऑगस्ट
तालीम. अमेरिकेतल्या या वाळवंटी चँडलरमध्ये एकशे दहा डिग्री फॅरनहाइट आणि मी शालू नेसून मरतेय. मरताना दर वेळी हसू फुटतं. प्रतापभाऊ वैतागले. "वहिनी, मेलेल्या माणसाला गुदगुल्या होत नाहीत!"

१४ ऑगस्ट
कम्युनिटी सेंटरचा फॉर्म भरला. नऊ पानं! आरतीला निरांजन लावायचं तर फायर डिपार्टमेंटची परवानगी. 'ज्योतीची उंची किती?' असा प्रश्न आहे. लिहिलं, अर्धा इंच. शिवाय आग विझवायचं नळकांडं घेऊन एक माणूस शेजारी उभा पाहिजे. तो मान मंडळातल्या, ऐकायला कमी येणाऱ्या कांचनमावशींना. बाप्पाच्या बाजूला, नऊवारीत!

१८ ऑगस्ट
प्रतापभाऊ तालमीला पिस्तूल घेऊन आले. खरं! "खेळण्यातलं स्टेजवर खोटं दिसतं, वहिनी." पेपरातली जाहिरात बघून मॉलच्या पार्किंग लॉटमध्ये एका माणसाकडून घेतलं म्हणे. कागदपत्रं? "छे! त्यानं नावसुद्धा विचारलं नाही. एकदम लीगल."
माझ्या तोंडचं पाणीच पळालं. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी तीनदा नापास झाले — पार्किंग करताना एक शंकू हलला म्हणून! आणि यांना दहा मिनिटांत पिस्तूल?
हेमचंद्र म्हणतो, "पद्मा, रिकामं आहे ते. गोळ्यांचं मॅगझिन नाहीच त्यात." कोणी पाहिलं? "प्रतापनं." झालं! प्रतापभाऊंना स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडता येत नाही.

२० ऑगस्ट
महिन्यापूर्वीच सॅन डिएगोजवळ त्या हॅम्बर्गरच्या दुकानात एकानं बंदुकीनं एकवीस माणसं मारली. लहान पोरंसुद्धा. टीव्हीसमोर सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं होतं? प्रतापभाऊ. "या देशात काही कायदे आहेत की नाही!"
मला भीती वाटते. कुणाला सांगितलं तर हसतात.

२५ ऑगस्ट
कमिटी मीटिंग. मी ठराव मांडला — मंडळाच्या कार्यक्रमात खरं हत्यार नको. उभी राहून बोलले. म्हटलं, अर्ध्या इंचाच्या ज्योतीला नऊ पानं आणि पिस्तुलाला एक ओळसुद्धा नाही? सरकार करत नाही तर निदान आपण नियम करू.
प्रतापभाऊ म्हणाले, "वहिनी, नियम केला म्हणून गुंड काय परवानगी मागायला येणार आहेत?"
"गुंडांचं सोडा हो! तुम्हाला कुणीतरी विचारायला नको होतं? चालवता येतं का? रिकामं करता येतं का?"
सगळे खो खो हसले. ठराव पडला. तेरा विरुद्ध दोन. दोन म्हणजे मी आणि कांचनमावशी. त्यांना वाटलं, चहा कोणाकोणाला हवा ते विचारताहेत.
हेमचंद्राचा हात विरुद्ध! घरी आल्यावर जेवायला कॉर्नफ्लेक्स दिले.

१ सप्टेंबर
पिस्तुलाचा चाप शोच्या दिवशीच ओढायचा, टेपवरच्या आवाजाबरोबर. तोवर तोंडानं 'ठो!' — प्रतापभाऊंचा हुकूम. हेमचंद्राचा नेम दिवसेंदिवस सुधारतोय.

८ सप्टेंबर, शनिवार
केलं! करून टाकलं!
मध्यंतरात स्टेजवरच्या टेबलाच्या खणातलं पिस्तूल टॉवेलात गुंडाळलं, गाडीच्या डिकीत बंद केलं. खणात काय ठेवू? मेकअपच्या खोलीत माझा हेअर ड्रायर होता. ठेवला!
हेमचंद्रानं रागारागानं खण उघडला. बघतच राहिला. मग नाइलाजानं ड्रायर माझ्यावर रोखला — वायर लोंबतेय, प्लग हलतोय. टेपवर 'ठो!' वाजलं. मी पडले. पहिल्या रांगेतली पाच वर्षांची पोरगी किंचाळली, "मॉम! ही ब्लो-ड्राइड हर!" — म्हणे त्यानं तिचे केस वाळवले!
हॉल हसून कोसळला. दोन मिनिटं कुणाला बोलता येईना. मेलेली मीसुद्धा हसले, शालूचा पदर तोंडात कोंबून.

९ सप्टेंबर
पिस्तूल दीपाच्या हाती परत पाठवलं. प्रतापभाऊ फोन उचलत नाहीत. "वहिनींनी माझं नाटक मातीत घातलं" असं सगळ्यांना सांगताहेत म्हणे. हेमचंद्रही फुगलाय. "मंडळात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, पद्मा." नाही ठेवली. नसू दे.

१५ सप्टेंबर
प्रतापभाऊंनी आज सकाळी पिस्तूल बंदुकांच्या दुकानात विकायला नेलं. दुकानदारानं हातात घेतल्या घेतल्या वरचा भाग मागे खेचला. मॅगझिन नव्हतंच, तरी आत नळीत राहिलेली एक गोळी काउंटरवर पडली.
दीपानं फोनवर सांगितलं. हेमचंद्रानं घरातल्याच दुसऱ्या फोनवर ऐकलं. तेव्हापासून तो, मी ज्या खोलीत जाते, तिथे येऊन नुसता उभा राहतो.