तेरा नंबरचे बूट

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! ॲरिझोनाच्या वाळवंटातला हा तळ म्हणजे नुसती खडी, काटेरी झुडपं आणि रांगेनं उभ्या घरगाड्या. पण मला राजवाडा मिळाल्यासारखं वाटतंय. पाण्याची नळी जोडली, वीज जोडली, चाकांखाली ठोकळे सरकवले, सगळं एकटीनं. मग टोमॅटो सूपचा डबा गरम केला आणि उभ्यानंच पातेल्यातून प्यायले. विचारणारं कोण आहे?

लाइल नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होता. त्याला भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं आणि दिवसा शाळेच्या भटारखान्यात चारशे पोरांचं रांधायचं. मे महिन्यात तो गेला. सगळे म्हणाले, डोरीन, आता एकटी कशी गं राहशील? मी एकटी राहायला आसुसलेय हे कुठल्या तोंडानं सांगणार? नेब्रास्काचं घर विकलं, ही जुनी घरगाडी घेतली आणि बहिणीनं फारच टुमणं लावलं म्हणून पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. ते पलंगाजवळच्या लोखंडी पेटीत आहे, किल्ली माझ्या गळ्यात. अंग मोडून आलंय. पण हा शीण माझा एकटीचा आहे, दुसऱ्या कुणासाठी नाही.

५ नोव्हेंबर

शेजारच्या गाडीत बर्नी राहते. वय एकाहत्तर, सोळा वर्षं एकटी हिंडतेय, जिभेला हाड नाही. मी बंदूक दाखवली तर ती पोट धरून हसली. म्हणाली, अगं बाई, या गाड्यांच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. तू चोरावर झाडलीस तर गोळी त्याला चुकवून माझ्या कॉफीच्या कपात येऊन पडेल. बंदूक अगदी शेवटी. आधी बूट.

मग मला ओढतच जुन्या कपड्यांच्या दुकानात घेऊन गेली. तिथे तेरा नंबरचे पुरुषी बूट मिळाले, डावी टाच आतून झिजलेली, नाड्या नारिंगी. ते पायरीपाशी ठेवायचे. बाहेर दोन खुर्च्या, दोन कप. बूट बाहेर दिसले की येणारा समजतो, बाप्या आत आहे. आणि कुणी दार वाजवलं तर आत तोंड करून खच्चून ओरडायचं: 'बंदूक खाली ठेव, पाहुणाच आहे!' नाव मात्र मेलेल्या नवऱ्याचं घ्यायचं नाही, असं तिनं दोनदा बजावलं. का, ते काही सांगितलं नाही. मी हार्लन हे नाव घेतलं. या नावाचा कुणीच माझ्या ओळखीचा नाही.

८ नोव्हेंबर

लागू पडलं की! दुपारी एक दाढीवाला आला, जनरेटर विकायचाय म्हणाला, पण नजर सारखी माझ्या खांद्यावरून आत. मी ओरडले, 'हार्लन, बंदूक खाली ठेव, पाहुणाच आहे!' गडी बुटांकडे बघून असा पळाला की बर्नी आणि मी खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. बर्नी म्हणाली, असा नवरा लाखात एक, खात नाही, घोरत नाही. मी तिला सांगितलं की मला नेमका असाच हवा होता.

१२ नोव्हेंबर

बर्नी चार दिवसांसाठी देशाच्या सीमेपलीकडे दातांच्या डॉक्टरकडे गेलीय. तिकडे स्वस्तात होतं.

सकाळी दुसऱ्या कपातली कॉफी संपलेली होती. शोभेपुरती ओततेच मी. पाखरं प्यायली असतील. बूट मात्र मी गाडीकडे पाठ करून ठेवले होते, ते आता दाराकडे तोंड करून आहेत.

दुपारी पलीकडच्या रांगेतलं नवीन जोडपं केक घेऊन आलं. त्यांची गाडी एका बाजूला कलत होती, ती तुमच्या यजमानांनी सरळ करून दिली म्हणे. फार सज्जन, बोलतात कमी, डाव्या पायानं जरा लंगडतात ना? मी हसून मान डोलावली. आता काय सांगणार, की मला नवराच नाही? बर्नीनंच जाण्याआधी त्यांना पढवून ठेवलं असणार. कार्टी आहे नुसती.

केक चांगला होता. दोन तुकडे कापले होते मी. का ते कळलं नाही.

१४ नोव्हेंबर

फोनवर बर्नीची चांगली हजेरी घेतली. ती म्हणते, असलं जोडपं तिला ठाऊकही नाही. वर मलाच टोमणा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. थोडी झोप काढ म्हणाली.

बंदूक पुसायला पेटी उघडली. ती आधीच पुसलेली होती, ताज्या तेलाचा वास येत होता. किल्ली माझ्या गळ्यातून एकदाही निघालेली नाही, आंघोळीलासुद्धा नाही. जोडप्यातली बाई वाटेत भेटली. म्हणाली, तुमचे हे सांगत होते, बायको घाबरट आहे, बंदुकीचं सगळं मीच बघतो.

लाइलही असंच बोलायचा, धडधाकट असताना. डोरीनला यातलं काही कळत नाही. हे वाक्य मी केवढ्या मुश्किलीनं विसरले होते.

१६ नोव्हेंबर

सकाळीच बूट तळावरच्या मोठ्या कचराकुंडीत फेकले आणि निघाले. कॅलिफोर्नियात शिरायचं तर बंदूक रिकामी आणि कुलपात हवी. पाचही गोळ्या मी माझ्या हातानं काढल्या, मागच्या फडताळात गोळ्यांच्या डब्यात टाकल्या, पेटीला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं.

राज्याच्या सीमेवरच्या फळतपासणीच्या नाक्यावर एका पोरसवदा बाईनं विचारलं, संत्री वगैरे काही आहे का? नाही म्हटलं. मग ती किंचित वाकली, माझ्या पलीकडच्या सीटकडे बघून हसली आणि म्हणाली, दोघांनाही प्रवासाच्या शुभेच्छा.

त्या सीटकडे मी साठ मैल बघितलं नाही.

१७ नोव्हेंबर

नवा तळ. पलीकडची सीट शेवटपर्यंत मागे सरकवलेली आहे, लांब पायांच्या माणसानं सरकवावी तशी.

सकाळी अंडी केली. ताटलीत वाढताना बघितलं तर चार. दोन माझी, आणि दोन छान मऊ, कडा कापून काढलेल्या. नऊ वर्षं हे हात दुसऱ्यासाठी रांधत होते, ते मला न विचारताच रांधतात. रागानं रडू आलं. मी कुणालाही बोलावलं नव्हतं. एक नाव घेतलं होतं फक्त.

१९ नोव्हेंबर

पेटी उघडी. बंदूक पलंगाच्या त्या बाजूच्या उशीवर. भरलेली, पाचही.

गोळ्या शौचालयाच्या टाकीत टाकल्या. डब्यातल्या उरलेल्यासुद्धा. आता एकही नाही.

तळाच्या व्यवस्थापकाकडे गेले. वाटेत ठरवलं होतं की सगळं सांगायचं. माझ्याआधी तोच बोलला, अगदी हळुवार, आजाऱ्याशी बोलतात तसा. तुमचे यजमान येऊन गेले, ताई. सगळं सांगितलं त्यांनी. मिसेस बऱ्या नाहीत, कधी कधी ओरडतात, आवाज आला तर कुणी मनावर घेऊ नका. चार शेजाऱ्यांच्या कानावरही घातलंय म्हणे.

म्हणजे आता मी ओरडले तरी कुणी येणार नाही. पोलिसांना तरी काय सांगू? नवरा आहे, नवरा आहे, असं मीच जगाला ओरडून सांगितलंय.

बर्नीला फोन केला. रडले. ती म्हणाली, गप गं, दार लावून बस, उद्या दुपारपर्यंत येतेच मी.

गाडीच्या किल्ल्या सापडत नाहीत. पायी निघेन म्हटलं. दारापर्यंत जाऊन परत बसले. इतकी दमलेय की भीतीसुद्धा नीट वाटत नाही.

२० नोव्हेंबर

सकाळ. पायरीपाशी बूट आहेत. नारिंगी नाड्या. डावी टाच झिजलेली.

बर्नीचे शब्द: बूट बाहेर दिसले की —

दाराच्या खिडकीतून बघितले मी. ते बाहेर आहेत.

अकरा वाजले. टेबलाशी बसलेय, पलंगाकडे पाठ. लिहिणं थांबवलं तर मागे बघावं लागेल. पेटीचं झाकण वाजलं. मग गोळ्या सारण्याचा आवाज, एक, दोन — मी सगळ्या टाकल्या होत्या —

तीन. चार.

गाडी हलली. मागून, पलंगाकडून. कुणी उभं राहिलं.

खडीवर मोटार. बर्नीची. तो खटारा मी कुठेही ओळखीन. देवा, ती लवकर आली —

मागे बंदुकीचा घोडा चढवल्याचा आवाज. दाराच्या रोखानं. पुठ्ठ्याच्या भिंती, बर्नी, तूच म्हणाली होतीस —

दार वाजतंय.

ओरडले मी. दुसरं काही सुचलंच नाही. 'हार्लन, बंदूक खाली ठेव, पाहुणाच आहे! हार्लन, पाया पडते तुझ्या, ठेव!' पहिल्यांदाच खरंखुरं त्याला —

बाहेर बर्नी हसतेय. तिला वाटतंय, आपलं नेहमीचं नाटक. हसत हसतच पायरीवर चढतेय, तिला सांगा कुणीतरी, ती दाराची कडी —